'कधी कधी' येणारा आवाज

माझा मावसभाऊ तासगावजवळच्या एका गावात राहतो. थोडी द्राक्षबाग आणि एक जुनी पिकअप यावर त्याचं घर चालतं. हंगामात तो द्राक्षांचे क्रेट भरून पलूस, कराड करत साताऱ्याला येतो आणि संध्याकाळी रिकाम्या गाडीनं परत जातो. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात तो माझ्याकडे आला तो जरा काळजीतच.

"दादा, गाडी वाजतीय. खालनं 'खट्ट' करून एकदाच आवाज येतो. पण मिस्त्रीकडं नेली की गप!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण घरातल्या विज्ञान शिक्षकाकडून सगळ्या यंत्रांविषयी सगळ्यांच्या अपेक्षा असतात. मी गाडीच्या मागच्या बाजूला वाकून पाहिलं, शॉकअपचं रबरी बुश झिजलेलं दिसलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "हेच असणार. बदलून टाक." त्यानं बुश बदलले. पुढचे दोन दिवस आवाज आला नाही. मी खूश. तिसऱ्या दिवशी फोन आला, "दादा, पुन्हा वाजली."

आता गॅरेजवाल्या मिस्त्रींचं म्हणणं पडलं की 'हौसिंग', म्हणजे मागच्या चाकांमधला दातेरी चाकांचा डबा, उघडून बघावा लागेल. त्याचा खर्च मोठा होता आणि गाडी तीन-चार दिवस उभी राहणार होती. बागेत तयार द्राक्षं आणि दारात उभी गाडी, हे त्याला परवडणारं नव्हतं. पण तशीच चालवावी तर खालचा एखादा भाग घाटात निखळला तर? प्रश्न एका आवाजाचा होता, पण त्यावर बरंच काही अवलंबून होतं.

हा आवाज आम्ही कसा शोधला, त्याची ही हकीकत आहे. त्यात जे विज्ञान आलं ते सगळं आठवी ते बारावीच्या पुस्तकांतलंच आहे.

'खट्ट' म्हणजे नेमकं काय?

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून धरा आणि एका हातानं दुसऱ्याला ढकला. आवाज येत नाही. आता दोन हातांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा आणि मग ढकला. टाळी वाजते!

बल तेच, हातही तेच. फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. मोकळी जागा असली की एक वस्तू ती पार करताना वेग घेते आणि समोरच्या वस्तूवर आपटते. हा वेग फार थोड्या वेळात शून्यावर येतो, त्यामुळे त्या क्षणी बल खूप मोठं असतं. धातू थरथरतो आणि आपल्याला 'खट्ट' ऐकू येतं.

म्हणजे गाडी 'खट्ट' वाजली तर दोन गोष्टी नक्की असतात. कुठे तरी दोन भागांमध्ये सैलपणा आहे (मिस्त्री त्याला 'प्ले' म्हणतात), आणि त्या भागांवरच्या बलाची दिशा किंवा प्रमाण अचानक बदललेलं आहे. सैलपणा आहे पण बल एकाच बाजूनं सतत लागतंय, तर भाग एकमेकांना चिकटून राहतात आणि आवाज येत नाही. दाबलेल्या तळहातांसारखंच!

यावरून शोधाचा पहिला नियम मिळतो. 'आवाज कुठून येतो?' हा प्रश्न नंतर विचारायचा. आधी विचारायचं, 'आवाज येतो त्या क्षणी गाडीत काय बदलतं?'

कान फसतो

'कुठून' हा प्रश्न मागं ठेवायला आणखी एक कारण आहे. आवाज कोणत्या बाजूनं आला हे आपल्याला मुख्यतः दोन कानांमुळे कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो टिपतो. पण गाडीच्या केबिनमध्ये आवाज हवेतून सरळ येत नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पोलादात सुमारे ५००० मीटर. मागच्या आसाजवळ झालेला ठोका चॅसीच्या लोखंडातून पुढं येतो आणि पायाखालचा पत्रा वाजवतो. चालकाला वाटतं, आवाज माझ्या सीटखालीच झाला!

यावर मिस्त्री लोकांचा उपाय साधा आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एकेका भागाला लावायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवायची. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीवर ठेवली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. ही युक्तीही त्याच जातीची. मात्र ती सतत येणाऱ्या आवाजाला चालते. चालत्या गाडीत, तेही कधी तरी एकदाच होणाऱ्या 'खट्ट'ला तिचा उपयोग नाही. चालत्या गाडीखाली कुणी जाऊही नये.

संशयितांची यादी

पिकअपच्या खालच्या बाजूला 'खट्ट' करू शकणारे भाग बरेच असतात. पण प्रत्येकाची वाजण्याची वेळ वेगळी असते. मिस्त्रींशी बोलून आम्ही ती यादी अशी मांडली.

सामान आणि सुटे भाग: हौद्यातला जॅक, सैल स्टेपनी, फाळक्याची साखळी, चॅसीला टेकणारा सायलेन्सरचा पाइप. हे कुठल्याही हादऱ्याला वाजतात. सगळ्यात आधी हेच तपासावं, कारण खर्च शून्य!

पाटे, शॅकल, शॉकअप: मागची चाकं ज्या पोलादी पाट्यांवर तोललेली असतात त्यांचे बुश झिजले किंवा यू-बोल्ट ढिले झाले तर खड्ड्यात, गतिरोधकावर आवाज येतो. सपाट रस्त्यावर सहसा नाही.

पुढचे बॉल जॉइंट आणि त्यांचे दांडे: एक चाक खड्ड्यात गेलं किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आवाज येतो.

ब्रेकचे भाग: ब्रेक दाबल्याक्षणी, विशेषतः गाडी मागं घेऊन पुन्हा पुढं नेताना पहिल्या ब्रेकला एकदा वाजतात.

इंजिन आणि गिअरबॉक्सखालची रबरं: क्लच सोडताना इंजिन उडी घेतं तेव्हा. बॉनेट उघडून, गाडीपासून बाजूला उभं राहून पाहिलं तर ही उडी दिसतेही.

प्रोपेलर शाफ्टचे 'क्रॉस': गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणं पोचवणाऱ्या लांब दांड्याच्या सांध्यांत अधिक-चिन्हाच्या आकाराचा भाग असतो. तो झिजला तर पुढचा गिअर आणि मागचा गिअर बदलताना, अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना, म्हणजे फिरवणाऱ्या बलाची दिशा उलटताना आवाज येतो, आणि बहुधा दर वेळी येतो.

हौसिंगमधली दातेरी चाकं: वेळ क्रॉससारखीच, पण झीज जास्त असेल तर चालताना एक सलग घोंगावणारा सूरही सोबत असतो.

या यादीचा फायदा लगेच दिसला. भावाला विचारलं, "खड्ड्यात वाजते का?" तो म्हणाला, "नाही. गाडी सुटतानाच. चाक जागचं हलताना." म्हणजे माझे शॉकअपचे बुश पहिल्याच प्रश्नात बाद झाले असते! मी आधी उत्तर दिलं होतं आणि प्रश्न नंतर विचारला होता. वर्गात मुलांना मी याबद्दल किती वेळा रागावलो असेन.

वही काय सांगते

मग आम्ही एक वही केली. जाडा ठोकळा आवाज झाला की गाडी बाजूला घ्यायची आणि लिहायचं: ठिकाण, गाडी भरलेली की रिकामी, कोणता गिअर, आधी काय केलं, रस्ता कोरडा की ओला. महत्त्वाचं म्हणजे आवाज येईल असं वाटलं आणि आला नाही, तर तेही लिहायचं. हा दुसरा भाग माणसं हमखास विसरतात. आपल्याला घडलेली गोष्ट लक्षात राहते, न घडलेली राहत नाही.

आठवडाभराच्या नोंदींत एक गोष्ट ठळक दिसली. साताऱ्याकडे येताना आवाज येतो, तासगावकडे जाताना येत नाही. सर्वांत जास्त नोंदी तासवडे टोलनाक्याच्या रांगेतल्या होत्या, जिथं ब्रेक लावून थांबायचं आणि पुन्हा निघायचं, असं वारंवार होतं.

भावानं निष्कर्ष काढला, "येतानाचा रस्ता चढाचा आहे, म्हणून." पटण्यासारखं होतं. पण जरा थांबा. येतानाची गाडी आणि जातानाची गाडी यांत फक्त दिशेचाच फरक आहे का? येताना गाडी भरलेली असते, जाताना रिकामी! दोन गोष्टी एकदम बदलत होत्या, त्यामुळे कारण चढ की वजन हे वहीवरून कळणं शक्य नव्हतं.

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. भावानं त्या आठवड्यात जाताना कोरेगाव भागातल्या आल्याची पोती सांगलीच्या बाजारासाठी भरली. आता दिशा उलटी, वजन मात्र तेच. आणि टोलनाक्यावर थांबून निघताना 'खट्ट'! दुसऱ्या एका दिवशी तो रिकामी गाडी घेऊन साताऱ्याला आला. वाटेत एकदाही आवाज नाही. दिशेचा संबंध नव्हता. वजनाचा होता.

मिस्त्रींकडे गाडी 'गप' का बसायची याचं उत्तरही इथंच मिळालं. गॅरेजमध्ये गाडी नेहमी रिकामीच नेली जात होती! आवाजाच्या अटी तिथं पुऱ्याच होत नव्हत्या. मिस्त्रींना वही दाखवली तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, हे आधी सांगायला पाहिजे होतं. रिकाम्या गाडीला काय कळणार?" त्यांनी गाडी भरूनच आणायला सांगितली.

दांड्याची लांबी बदलते?

आता संशयित थोडेच उरले: क्रॉस, हौसिंग आणि तिसरा एक, जो आमच्या पहिल्या यादीत नव्हताच.

पिकअपचं इंजिन आणि गिअरबॉक्स चॅसीला घट्ट बसवलेले असतात, पण मागचा आस पाट्यांवर वरखाली होत असतो. स्थिर गिअरबॉक्समधून हलत्या आसाकडे फिरणं पोचवायचं, तर मधल्या दांड्याला कोन बदलता आला पाहिजे. त्यासाठी क्रॉसचा सांधा असतो. या सांध्याच्या इतिहासात इटलीचा कार्दानो आणि इंग्लंडचा रॉबर्ट हुक ही दोन नावं येतात. हुकचा नियम म्हणून आपण शिकवतो तो हाच हुक.

पण नुसता कोन बदलून भागत नाही. पायथागोरसला विचारू या. समजा, दांड्याच्या दोन टोकांमधलं आडवं अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि रिकाम्या गाडीत मागचं टोक पुढच्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली आहे. दांड्याची लांबी होईल १२० चा वर्ग अधिक १५ चा वर्ग यांचं वर्गमूळ, म्हणजे १२०.९३ सेंटिमीटर. गाडी भरल्यावर चॅसी ८ सेंटिमीटर खाली बसली, तर उंचीतला फरक ७ सेंटिमीटर राहील आणि लांबी होईल १२०.२० सेंटिमीटर. फरक सुमारे ७ मिलिमीटर! पाटा सपाट होताना आसही थोडा मागं सरकतो, त्यामुळे खऱ्या गाडीतला हिशोब याहून गुंतागुंतीचा असतो. पण मुद्दा कळला: दांड्याला आपली लांबी सतत बदलावी लागते.

पोलादाचा दांडा लांब-आखूड कसा होणार? त्यासाठी तो दोन भागांत केलेला असतो. एका भागाच्या टोकावर लांबीच्या दिशेनं उभे दाते असतात आणि दुसऱ्या भागाच्या पोकळ नळीत तशाच खाचा. दाते खाचांत बसतात, त्यामुळे दोन्ही भाग बरोबर फिरतात, पण दुर्बिणीच्या नळ्यांसारखे आत-बाहेरही सरकू शकतात. हा 'स्लिप जॉइंट'. त्याला ग्रीस लागतं, आणि ग्रीस भरायला बाहेर एक छोटं निपल असतं.

अडकणं आणि निसटणं

ग्रीस संपलं आणि आत धूळ-पाणी गेलं तर काय होईल?

टोलनाक्यावरची भरलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. चालक ब्रेक दाबतो. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकतं, मागची बाजू उचलली जाते. ब्रेकच्या बलानं मागचा आस स्वतःभोवती किंचित वळतो आणि त्याचं पुढं आलेलं नाक खाली झुकतं. दांड्याची लांबी बदलते, स्लिप जॉइंट सरकतो. गाडी थांबते आणि मागची बाजू पुन्हा खाली बसते. आता जॉइंटनं परत सरकायला हवं. पण दाते कोरडे आहेत, घर्षण जास्त आहे. तो सरकत नाही, अडकतो. पाटे आणि रबरं त्याला ढकलत राहतात. ताणलेल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा साठून राहते.

मग पहिला गिअर पडतो, क्लच सुटतो. दात्यांवरच्या बलाची दिशा बदलते. दाते खाचेची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला टेकायला निघतात. त्या क्षणापुरती त्यांच्यातली पकड सुटते आणि अडकलेला जॉइंट साठलेल्या ऊर्जेनं एकदम निसटतो. खट्ट! एकदाच. पुढं गाडी चालत राहते, आवाज नाही.

रिकाम्या गाडीत हे का घडत नाही? वजन कमी, त्यामुळे पाट्यांची हालचाल कमी, साठणारी ऊर्जा कमी. हळू ब्रेक लावला तर? तरीही हालचाल थोडी. म्हणून आवाज 'कधी कधी'. त्या 'कधी कधी'ला पक्क्या अटी होत्या: भरलेली गाडी, जोराचा ब्रेक, पूर्ण थांबणं आणि कोरडे दाते. चारही एकत्र आल्या की 'खट्ट' होण्याचा संभव.

मात्र हा अजून तर्कच होता. क्रॉस आणि हौसिंग बाद झाले नव्हते. मिस्त्रींनी सपाट जागेवर चारही चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला घेतली, इंजिन बंद केलं आणि मग खाली जाऊन दांडा हातानं दोन्ही बाजूंना पिळून पाहिला. क्रॉसमध्ये सैलपणा नाही, त्याच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस भुकटी नाही. हौसिंगच्या बाजूला नेहमीइतकाच किंचित प्ले. स्लिप जॉइंटवर मात्र ग्रीसचा मागमूस नव्हता आणि निपल मातीनं बुजलेलं होतं. यू-बोल्ट घट्ट होते. ते किंवा क्रॉस ढिले निघाले असते, तर भरलेली गाडी तिथून हलवणं धोक्याचं होतं.

वर्गात करून बघा

अडकणं-निसटणं मुलांना दाखवायला फार साहित्य लागत नाही. लाकडी डस्टरला रबरबँड बांधा आणि टेबलावर ठेवून रबरबँड अगदी हळू ओढा. रबर ताणत जातं, डस्टर जागचा हलत नाही. मग एकदम उडी मारतो आणि पुन्हा थांबतो. स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असतं, हे पाठ करण्यापेक्षा ही उडी पाहिलेली बरी.

आता एकेक गोष्ट बदलत जा. डस्टरवर दोन-तीन वह्या ठेवा: रबर जास्त ताणतं, उडी मोठी होते. रबरबँडऐवजी न ताणणारी सुतळी वापरा: उड्या जवळजवळ जातात, कारण ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही. जोरात ओढा: डस्टर सलग सरकतो. टेबलावर कॅरमची पावडर टाका: उड्या संपतात. हेच आमचं ग्रीस! मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा आणि मग करून बघायला.

फळ्यावर खडू किंचाळतो, बिजागरी करकरते, सारंगीची तार गजाखाली गाते. सगळीकडे हेच अडकणं-निसटणं आहे. फक्त सेकंदाला किती वेळा, एवढाच फरक. सारंगीत ते सेकंदाला शेकडो वेळा होतं, म्हणून सूर लागतो. पिकअपमध्ये एकदाच होतं, म्हणून ठोका.

आणि याच जिल्ह्यात याचं एक फार मोठं, दुःखद उदाहरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं मृत्युमुखी पडली. जमिनीखालच्या भेगेच्या दोन बाजू घर्षणानं अडकून राहतात, खडकात ताण साठत जातो आणि एका क्षणी त्या निसटतात. भूकंपाची ही क्रिया म्हणजे अडकणं-निसटणंच असावं, हा विचार ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी १९६६ साली, कोयनेच्या भूकंपाच्या जेमतेम एक वर्ष आधी मांडला होता. कोयनेत आणखी एक गोष्ट घडते. जलाशयाचं पाणी खोल झिरपतं आणि त्याच्या दाबानं भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते. म्हणून धरण भरण्याशी तिथल्या भूकंपांचा संबंध जोडला जातो. याचा अभ्यास करण्यासाठी कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोलीचं विवर खोदलं गेलं. ते २०१७ साली पूर्ण झालं. या कामासाठीची केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. आमची पिकअप त्याच कराडवरून जात होती.

साम्य मात्र फार ताणू नये. गाडीत आपण हात घालून ग्रीस भरू शकतो, आवाजाच्या अटी पुन्हा पुन्हा जुळवून पाहू शकतो. भूगर्भात तसं करता येत नाही. म्हणूनच भूकंप नेमका केव्हा होईल हे आजही सांगता येत नाही.

बरं झालं, हे कसं ओळखायचं?

मिस्त्रींनी निपल साफ करून ग्रीस-गननं ताजं ग्रीस भरलं. खर्च किरकोळ. पहिल्या फेरीत आवाज नाही. भाऊ म्हणाला, "झालं काम!" पण मी एकदा तोंडघशी पडलो होतो. बुश बदलल्यावरही दोन दिवस आवाज आला नव्हताच की!

इथं संभाव्यतेचं गणित कामाला येतं. वहीनुसार, भरलेल्या गाडीनं जोरात ब्रेक लावून थांबल्यावर साधारण पाचात एकदा आवाज येत होता. म्हणजे काहीही दुरुस्ती न करता एखाद्या थांब्याला आवाज न येण्याची शक्यता पाचात चार. प्रत्येक थांबा स्वतंत्र मानला, तर सलग दोन थांबे शांत जाण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. काहीही न करता निम्म्याहून जास्त वेळा गाडी 'बरी झाली' असं वाटणार! सलग दहा थांबे शांत जाण्याची शक्यता सुमारे ०.११. वीस थांब्यांची सुमारे ०.०१, म्हणजे शंभरात एक.

म्हणून आम्ही ठरवलं, भरलेल्या गाडीचे वीस थांबे मोजायचे. ते मोजले, आणि आवाज एकदाही आला नाही. हौसिंग उघडायची गरज पडली नाही. द्राक्षं वेळेवर गेली.

पावसाळा संपता संपता एक दिवस पुन्हा 'खट्ट' झालं. भाऊ नाराज झाला, मला मात्र थोडा आनंद झाला. पाण्यानं आणि चिखलानं ग्रीस धुऊन गेलं असेल, तर आवाज परत यायलाच हवा होता! पुन्हा ग्रीस भरलं आणि आवाज पुन्हा गेला. आमचा तर्क आता आधीपेक्षा पक्का झाला. मिस्त्रींनी मात्र बजावलं की ग्रीस झिजलेले दाते भरून काढत नाही. आवाज लवकर लवकर परत यायला लागला, किंवा दाते हातानं हलताना जाणवले, तर तो भाग बदलावाच लागेल. तेव्हापासून गाडीच्या आरशामागं ग्रीसची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते.

या सगळ्यात माझा एक फायदा झाला, तो वर्गातला. पाचवीतली एक मुलगी वजाबाकी 'कधी कधी' चुकायची. आम्ही तिला 'निष्काळजी' म्हणून मोकळे झालो होतो. पिकअपनंतर मी तिच्या वहीतली बरोबर आणि चूक अशी सगळी गणितं समोर ठेवली. ८३२ वजा ४५७ बरोबर. ५०४ वजा २६८ चूक. ७०१ वजा ३३५ चूक. वरच्या संख्येत मध्ये शून्य आलं, की हातचा कुठून घ्यायचा ते तिला कळत नव्हतं. बाकी सगळं तिला येत होतं. शून्याची ती एक गोष्ट समजावायला एक तास पुरला.

तिच्या चुकांना अट होती. आम्ही ती शोधली नव्हती, म्हणून तिला निष्काळजी म्हणत होतो.